एमएम ५४० मध्ये पाच गियरचा बॉक्स बसवल्यापासून नवा क्लच घाटात घसरतो आहे. बॉक्स पुन्हा उतरवण्याआधी काय तपासावे?

माळवी_जीप (इंदूर)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे महिंद्राची एमएम ५४० आहे आणि तिच्यात मूळचेच प्यूजोचे एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचे डिझेल इंजिन आहे. इंजिन अजून ठणठणीत असल्यामुळे ते बदलायचा विचार कधी केला नाही. परंतु चार गियरच्या बॉक्समुळे आग्रा-मुंबई रस्त्यावर इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर ओरडत राहते आणि दोन तासांत कान बधिर होतात, म्हणून बोलेरोचा पाच गियरचा जुना बॉक्स मिळवून तो बसवून घेतला. इंजिन आणि नवा बॉक्स यांच्यामध्ये सांवेर रोडच्या एका लेथवाल्याकडून साधारण १२ मिलिमीटर जाडीची ॲडॉप्टर प्लेट करून घेतली आहे. प्रेशर प्लेट जुन्या मापाची पण नवी आहे, क्लच प्लेटचा बाहेरचा व्यास तिच्याप्रमाणे आणि हबच्या स्प्लाइन नव्या बॉक्सच्या शाफ्टप्रमाणे आहेत, फ्लायव्हीलला लेथवर फेसिंग मारले आहे (तोंड तासून सपाट केले आहे), आणि क्लचचे मास्टर (पेडलकडचा) व स्लेव्ह (बॉक्सकडचा) सिलिंडर दोन्ही नवे आहेत.

आता अडचण अशी आहे की, गावात गाडी अगदी व्यवस्थित चालते. परंतु खंडवा रोडने चोरलपर्यंत जाऊन परत येताना भेरूघाटाची चढण लागली की तिसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनाच्या फेऱ्या वाढतात आणि गाडीचा वेग मात्र आहे तेथेच राहतो. मागोमाग जळक्या फेसिंगचा, म्हणजे क्लच प्लेटवरच्या घर्षणाच्या अस्तराचा, वास येतो. गाडी सावलीत तासभर उभी केली की त्यानंतर सिमरोलपासून इंदूरपर्यंत काहीच जाणवत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तर क्लच नव्यासारखा पकडतो.

मिस्त्रींचे म्हणणे असे आहे की, प्लेट अजून ‘बसलेली’ नाही, थोडी चालवा. आणि तेवढ्याने भागले नाही तर प्रेशर प्लेट बदलू. प्रेशर प्लेट बदलायची म्हणजे ट्रान्सफर केससकट (पुढच्या चाकांनाही जोर देणाऱ्या पेटीसकट) बॉक्स पुन्हा खाली घ्यावा लागणार. त्याआधी बाहेरून काय काय तपासता येईल, हे जाणकारांनी सांगावे.

राजेंद्रनगरकर (इंदूर)

प्रथम तो क्लचच घसरतो आहे याची खात्री करून घ्यावी, कारण जुन्या डिझेल गाडीत घाटात दम तुटला की माणसे क्लचवर आळ घेतात आणि दोष डिझेल फिल्टरमध्ये निघतो. फरक ओळखणे सोपे आहे. दम तुटतो तेव्हा फेऱ्या आणि वेग दोन्ही सोबत उतरतात. क्लच घसरतो तेव्हा फेऱ्या चढतात आणि वेग चढत नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गियरमध्ये चाळीसच्या वेगाने चालत असताना ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबा आणि कानाने ऐका.

वरच्या गियरमध्येच ही चाचणी का घ्यायची, असे पुष्कळ जण विचारतात. पहिल्या गियरमध्ये गाडी झटकन वेग घेते, त्यामुळे इंजिनाचा पूर्ण जोर क्लचवर फार वेळ टिकत नाही. वरच्या गियरमध्ये गाडी हळू वेग पकडते आणि तेवढा सगळा वेळ क्लचला पूर्ण जोर धरून ठेवावा लागतो. म्हणूनच मरणारा क्लच पहिल्यांदा पाचव्या गियरमध्ये बोलतो, पहिल्यामध्ये सर्वांत शेवटी.

लष्कर_ग्वाल्हेर

माझे मत स्पष्ट आहे: तेल. बॉक्स बदलताना उघडे पडणारे इंजिनाचे मागचे क्रँक सील आणि नव्या बॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील ही दोन सिले बदलायला मिस्त्री मंडळी टाळाटाळ करतात, कारण सील शंभर-दोनशे रुपयांचे असते पण ते बसवायला अर्धा दिवस जातो. जुना बॉक्स बरेच दिवस कोरडा पडून असला तर त्याच्या सिलाची कड कडक होते आणि गाडी चालू लागल्यावर ती झिरपू लागते. तेल गरम झाले की पातळ होते, म्हणून थंड असताना काही दिसत नाही आणि घाटात त्रास होतो. आपले वर्णन याला तंतोतंत जुळते.

बेल हाऊसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) तळाला जे छोटे भोक असते, त्यात एक स्वच्छ पांढरी चिंधी तारेला गुंडाळून फिरवून पाहा. चिंधी काळी, पातळ तेलाची निघाली तर इंजिनाचे सील. दाट, पिवळसर आणि गंधकासारख्या उग्र वासाची निघाली तर गियर ऑइल. आमच्याकडे ग्वाल्हेरला उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा अशा गाड्या रांगेने येतात.

मकरपुरा_वर्कशॉप (वडोदरा)

ग्वाल्हेरच्या भावांनी सांगितलेली तपासणी अवश्य करावी, तिला खर्च नाही. परंतु एका गोष्टीमुळे मला तेलावर संशय घ्यावासा वाटत नाही. तेल एकदा फेसिंगमध्ये मुरले की ते थंड झाल्यावर बाहेर निघून जात नाही. तेलकट प्लेट सकाळीसुद्धा थोडीफार घसरते, निदान सुटताना थरथरते. इथे गाडी तासभर उभी राहिली की क्लच पूर्ण बरा होतो. जी गोष्ट गरम झाल्यावर येते आणि थंड झाल्यावर संपूर्ण जाते, तिचा शोध मी आधी हायड्रॉलिकमध्ये घेतो.

त्याचे कारण जरा विस्ताराने सांगतो, कारण बॉक्स बदललेल्या गाड्यांमध्ये हा दोष मी वारंवार पाहिला आहे आणि त्यापायी चांगल्या प्रेशर प्लेटा भंगारात गेलेल्या पाहिल्या आहेत. मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन पूर्ण मागे आल्यावर त्याच्या पुढे एक बारीक छिद्र उघडे होते, जे वरच्या टाकीला जोडलेले असते. पेडलवरून पाय काढला की नळीतील द्रवाचा उरलेला दाब याच छिद्रातून टाकीत परत जातो. पेडल आणि पिस्टन यांच्यामधील पुशरॉड गरजेपेक्षा लांब ठेवला, तर पिस्टन केसभर पुढेच अडकून राहतो आणि ते छिद्र कधी उघडतच नाही. मग नळीतला द्रव कोंडला जातो.

कोंडलेला द्रव थंड असेपर्यंत निरुपद्रवी असतो. तुमची नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून गेली असेल, आणि बहुतेक जीपमध्ये ती तशीच जाते, तर घाटात द्रव तापतो व प्रसरण पावतो. नळी आणि स्लेव्ह सिलिंडर मिळून १५ मिलिलिटर द्रव धरा आणि तो ५० अंशांनी तापला असे धरा. ब्रेक फ्लुइड एका अंशाला मूळ आकारमानाच्या हजाराव्या भागापेक्षा किंचित कमी फुगते, म्हणजे अर्ध्या मिलिलिटरहून जास्त वाढ झाली. पाऊण इंच बोअरच्या स्लेव्हमध्ये एवढ्या द्रवाने पिस्टन दोन मिलिमीटरच्या आसपास पुढे सरकतो. म्हणजे चालक पेडलला हातही लावत नाही आणि कोणीतरी अदृश्य पाय क्लचवर अर्धवट ठेवून बसलेला असतो. त्यात आणखी भर अशी की, पेडल सोडताना मास्टरमधील वॉशरच्या कडेवरून टाकीतील द्रव पुढच्या भागात ओढला जातो आणि छिद्र बंद असल्यामुळे तो परत जाऊ शकत नाही. त्यामुळे गावात गियर बदलत बदलत आलात तर दाब प्रत्येक दाबण्याबरोबर चढत जातो.

तपासणी अशी करा. गाडी क्लच घसरेपर्यंत तापू द्या. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी, चाकांना दगड लावून, इंजिन बंद करून स्लेव्ह सिलिंडरचे ब्लीडिंग निपल (हवा काढायचे) अर्धा फेरा उघडा. पेडलला कोणी पाय लावायचा नाही. निपलसमोर चेहरा ठेवू नका, फ्लुइड गरम असते आणि ते रंगही खाते. फ्लुइडची पिचकारी उडाली, तर कोंडलेला दाब होता हे सिद्ध झाले. निपल बंद करा आणि लगेच त्याच चढणीवर पुन्हा जा. घसरणे थांबले असेल तर बॉक्स उतरवायची घाई नको. पिचकारी उडाली नाही आणि घसरणे तसेच राहिले, तर मात्र ग्वाल्हेरकडे वळावे.

राजेंद्रनगरकर (इंदूर)

काका, यात एक भर घालतो. स्लेव्हची दांडी हाताने आत ढकलून पाहणेही तितकेच महत्त्वाचे आहे. पेडल मोकळे असताना ती काही मिलिमीटर मागे जायला हवी. प्लेट झिजत जाते तसतशी प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची (चकतीसारख्या स्प्रिंगची) बोटे त्यांना दाबणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे बाहेर येतात आणि फोर्कमार्फत (बेअरिंग सरकवणाऱ्या दांड्यामार्फत) स्लेव्हचा पिस्टन आत ढकलतात. आत जायला जागाच उरली नसेल, तर पिस्टन तळाला टेकतो आणि मग हायड्रॉलिक कितीही निर्दोष असले तरी क्लच कायमचा अर्धा दाबलेला राहतो.

माळवी_जीप (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले, निकाल खाली देतो.

बेल हाऊसिंगच्या भोकातून फिरवलेली चिंधी कोरडी निघाली. तिच्यावर फक्त काळपट भुकटी होती. त्यानंतर भेरूघाटात गाडी घसरू लागल्यावर वरच्या अंगाला चहाच्या टपरीसमोरच्या मोकळ्या जागेत उभी केली आणि निपल उघडले. फ्लुइड हातभर लांब उडाले. निपल बंद करून, पेडल मोजकेच वापरून, गाडी वळवून त्याच चढणीवर आणली, तेव्हा तिसऱ्या गियरमध्ये क्लचने पकड सोडली नाही. अर्थात परत इंदूरला पोहोचेपर्यंत तेजाजी नगरच्या गर्दीत दहा-बारा वेळा गियर बदलल्यानंतर पेडल पुन्हा कडक आणि उंच वाटू लागले.

घरी आल्यावर पेडलच्या मागे बॅटरी मारून पाहिले. मास्टरचा पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात सुटी चाल अजिबात नाही. पेडल हाताने हलवले तर एक केसही सरकत नाही. स्लेव्हची दांडी निपल उघडे ठेवून ढकलली, तर ती जेमतेम एक मिलिमीटर मागे जाते आणि ठोकर लागल्यासारखी थांबते. म्हणजे दोन्ही मुद्दे आहेत असे दिसते.

मिस्त्रींना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, बॉक्स बसवल्यावर पहिल्यांदा क्लच सुटतच नव्हता, रिव्हर्स गियर खरखरत पडत होता, म्हणून त्यांनी स्लेव्हची दांडी लांब केली आणि नंतर मास्टरचा पुशरॉडही थोडा उघडला. आता मी ते दोन्ही मागे घेतले तर क्लच घसरणार नाही, पण रिव्हर्स पुन्हा खरखरेल. या पेचातून बाहेर कसे पडावे?

मकरपुरा_वर्कशॉप (वडोदरा)

आता दुखणे कुठे आहे ते स्वच्छ दिसते, आणि ते ना प्रेशर प्लेटमध्ये आहे ना मास्टरमध्ये. तुमच्या १२ मिलिमीटरच्या ॲडॉप्टर प्लेटने संपूर्ण बॉक्स इंजिनापासून १२ मिलिमीटर मागे नेला. क्लच आणि फ्लायव्हील क्रँकला जोडलेले असल्यामुळे जागचे हलले नाहीत. परंतु फोर्क, त्याचा पिव्होट आणि रिलीज बेअरिंग हे सगळे बॉक्सच्या बाजूला असल्यामुळे मागे गेले. बेअरिंग बोटांपर्यंत पोहोचेना, म्हणून क्लच सुटेना. मिस्त्रींनी ती उणीव दांड्या लांब करून भरून काढली. दांडी लांब केल्याने बेअरिंग पुढे येते हे खरे, पण फोर्क तिरपा होऊन येतो आणि स्लेव्हच्या पिस्टनची राखीव जागा त्यातच संपते.

योग्य उपाय बेल हाऊसिंगच्या आत आहे. फोर्क ज्या गोळ्यावर टेकतो तो पिव्होट स्टड तेवढाच पुढे आणायचा, म्हणजे लेथवर लांब स्टड करून घ्यायचा, आणि स्लेव्हचा ब्रॅकेटही त्याच हिशेबाने सरकवायचा. कसोटी अशी की, पेडल निम्मे दाबलेले असताना फोर्क इनपुट शाफ्टला काटकोनात असावा. मग बेअरिंग आपल्या नळीवर सरळ सरकते. तिरप्या फोर्कने ते एका अंगाला घासते आणि नळीला चर पडतो. पिव्होटच्या खाली वॉशर रचून उंची वाढवणारे पाहिले आहेत, परंतु वॉशर रचलेला स्टड ढिला होतो आणि भर हायवेवर फोर्क सुटतो. त्या वाटेला जाऊ नये.

चालीचा हिशेबही एकदा करून घ्या. मास्टरचा बोअर ५/८ इंच आणि स्लेव्हचा ३/४ इंच धरला, तर क्षेत्रफळांचे गुणोत्तर साधारण ०.६९ येते. मास्टरमध्ये पिस्टन ३० मिलिमीटर सरकला की स्लेव्ह जवळजवळ २१ मिलिमीटर सरकतो. फोर्कची लांब आणि आखूड बाजू यांचे प्रमाण दोनास एक असेल तर बेअरिंगला दहा मिलिमीटर चाल मिळते, आणि या आकाराच्या डायफ्राम क्लचला सुटायला साधारण आठ ते दहा पुरतात. म्हणजे सिलिंडर बदलायची गरज दिसत नाही. चाल पुरेशी आहे, फक्त ती चुकीच्या जागेपासून सुरू होते आहे. याहून मोठा मास्टर घालू नका. जास्त चाल मिळाली तर बोटे मर्यादेपलीकडे दाबली जाऊन डायफ्रामच खराब होतो.

पीथमपूर_गियर (इंदूर)

मी व्यवसायाने ड्राइव्हलाइनच्या कामात आहे म्हणून दोन गोष्टी मांडते. पहिली गोष्ट हिशेबाची आहे. क्लच किती जोर धरू शकेल हे चार आकड्यांच्या गुणाकाराने ठरते: घर्षणाचा गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब, फेसिंगची सरासरी त्रिज्या, आणि दोन बाजू म्हणून दोन. उदाहरणादाखल गुणांक ०.२७, दाब ४००० न्यूटन आणि त्रिज्या ९५ मिलिमीटर घेतली तर २०५ न्यूटन-मीटर येतात. या प्यूजो इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क १२० न्यूटन-मीटरच्या आसपास आहे, म्हणजे निरोगी क्लचकडे भरपूर शिल्लक असते. कोंडलेल्या दाबाने बोटे अर्धवट दाबून प्रेशर प्लेटचा निम्मा दाब खाल्ला, तर तोच क्लच १०३ वर येतो आणि भर टॉर्कच्या वेळी घसरतो. फेसिंगमध्ये तेल गेले आणि गुणांक ०.१० वर आला तर ७६ उरतात. दोन्ही आजारांत चालकाला जाणवणारे लक्षण एकच असते, म्हणून काकांची निपल उघडण्याची तपासणी मला मोलाची वाटते: ती दाबाचा दोष आणि घर्षणाचा दोष यांची पाच मिनिटांत फारकत करते.

परंतु इथेच एक इशारा आहे. दोष दाबाचा असला तरी घसरता घसरता तो घर्षणाचाही होऊन बसतो. प्लेट एकदा तापून चकाकली, म्हणजे फेसिंगवर काचेसारखा थर चढला, की नंतर हायड्रॉलिक दुरुस्त करूनही पकड पूर्ववत येईलच असे नाही. त्यामुळे बॉक्स उतरवणारच असाल तर प्लेट आणि फ्लायव्हील डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुन्हा चढवू नका.

दुसरी गोष्ट ॲडॉप्टर प्लेटची. इनपुट शाफ्टचे टोक क्रँकच्या मागच्या पायलट बुशमध्ये (टोकाला आधार देणाऱ्या नळीत) किती आत जाते, हे कोणी मोजले आहे का? बॉक्स १२ मिलिमीटर मागे गेला म्हणजे ते टोकही तेवढेच मागे गेले. ते बुशमध्ये अर्धवट टेकत असेल तर शाफ्ट डोलतो, प्लेट एका कडेला जास्त झिजते आणि बॉक्सचे पुढचे बेअरिंग लवकर जाते. शिवाय क्लच प्लेटचा हब नव्या मापाचा असल्यामुळे, त्याच्या मधल्या स्प्रिंगांचा उंचवटा फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या डोक्यांना लागत नाही ना, हेही पाहा. हब बोल्टांवर टेकला तर फेसिंग पूर्ण बसत नाही आणि नवीन क्लच पहिल्या दिवसापासून घसरतो.

लष्कर_ग्वाल्हेर

ताई, फ्लायव्हीलबद्दल कोणीच बोलले नाही. त्याला फेसिंग मारले आहे असे धागाकर्ते म्हणतात. फ्लायव्हील खोलगट असेल, म्हणजे प्लेट खोलात बसणारी आणि प्रेशर प्लेट बाहेरच्या कडेवर बोल्टने बसणारी, तर लेथवाले फक्त मधला भाग तासतात आणि कड तशीच सोडतात. मग खोली वाढते आणि प्रेशर प्लेटचा दाब कमी होतो. निम्म्या घसरणाऱ्या क्लचांचे मूळ इथे असते.

पीथमपूर_गियर (इंदूर)

खोली मोजायलाच हवी याबद्दल दुमत नाही, आणि दोन्ही पृष्ठभागांवरून सारखेच धातू काढायला हवे हेही खरे. परंतु अर्धा मिलिमीटर खोली वाढली म्हणून डायफ्राम क्लच लगेच घसरू लागेल, असे मला वाटत नाही. जुन्या गुंडाळीच्या स्प्रिंगांच्या प्रेशर प्लेटमध्ये प्लेट झिजली की दाब सरळ उतरत जातो, हे आपले म्हणणे तिथे पूर्ण लागू पडते. डायफ्राम स्प्रिंगचे वागणे वेगळे आहे. झिजेच्या सुरुवातीला तिचा दाब उलट किंचित वाढतो, आणि बरीच झीज झाल्यानंतरच तो झपाट्याने पडतो. त्यामुळे खोलीची चूक डायफ्राम क्लचमध्ये तत्काळ घसरण्यापेक्षा आयुष्य कमी होण्याच्या रूपाने दिसते. शिवाय ती चूक सकाळी दुरुस्त आणि दुपारी नादुरुस्त असे वागणार नाही.

लष्कर_ग्वाल्हेर

हे मान्य आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक गाड्या गुंडाळीच्या स्प्रिंगांच्या होत्या. तरीही सिलांच्या मुद्द्यावर मी मागे हटत नाही: बॉक्स खाली आला की दोन्ही सिले बदलूनच तो वर चढवावा, चिंधी कितीही कोरडी निघाली असली तरी.

राजेंद्रनगरकर (इंदूर)

आणि ती काळी भुकटी हवेच्या नळीने फुंकून काढू देऊ नका. जुन्या मालाच्या फेसिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसावे, तोंडाला मास्क लावावा. मिस्त्री हसतील, हसू द्यावे, भिया.

माळवी_जीप (इंदूर)

बॉक्स उतरवून काम पूर्ण झाले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आत तेलाचा थेंबही नव्हता. क्लच प्लेट इंजिनाच्या बाजूला चकचकीत झालेली होती, नखाने ओरखडा ओढला तर नख घसरत होते, आणि फ्लायव्हीलवर रुपयाच्या नाण्याएवढे निळसर डाग वर्तुळात पडले होते. रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकते तिच्या एका अंगाला घासल्याची चमक दिसली, जे काकांनी तिरप्या फोर्कबद्दल लिहिले होते त्याप्रमाणेच आहे. हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना कुठेही लागत नव्हता; खात्रीसाठी बोल्टांच्या डोक्यांवर गाढ निळ्या रंगाचा हात फिरवून प्लेट बसवून काढली, हबला रंग लागला नाही.

ताईंचा पायलट बुशचा संशय मात्र खरा निघाला. शाफ्टचे टोक बुशमध्ये नखाएवढेच जात होते आणि बुश बाहेरच्या कडेला लंबगोल झाला होता. त्यामुळे पितळी बुश लांब आणि बाहेर आलेला असा नव्याने करून घेतला. ॲडॉप्टर प्लेट मध्यावर आहे की नाही हे डायल गेज क्रँकला लावून फिरवून पाहिले. ती ठीक निघाली, आणि लेथवाल्याला त्याबद्दल मानले पाहिजे.

पिव्होट स्टड एकाच तुकड्यात लांब करून घेतला आणि स्लेव्हचा ब्रॅकेट पुढे सरकवला. फ्लायव्हीलवर निळे डाग जाईपर्यंत हलका हात मारला. ते खोलगट जातीचेच असल्यामुळे कडेवरूनही तेवढेच धातू काढले. प्लेट नवी घेतली. प्रेशर प्लेट सपाट पट्टी व फीलर गेजने तपासली, बोटे एका पातळीत होती, म्हणून तीच ठेवली. सिले दोन्ही बदलली. ग्वाल्हेरच्या भावांना हे कळवताना विशेष आनंद होतो.

मास्टरच्या पुशरॉडला आता सुमारे एक मिलिमीटर सुटी चाल आहे, पेडलच्या पट्टीवर ती बोटाने स्पष्ट जाणवते. स्लेव्हची दांडी निपल बंद असतानाही हाताने आत ढकलता येते आणि ढकलताना टाकीतील फ्लुइड किंचित वर येताना दिसते, म्हणजे छिद्र उघडे आहे. क्लचची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर, चेसिसच्या आतल्या अंगाने नेली आहे. रिव्हर्स गियर खरखर न होता पडतो.

मकरपुरा_वर्कशॉप (वडोदरा)

फ्लुइड वर येताना दिसते, ही खूण उत्तम. नवी प्लेट असल्यामुळे लगेच भेरूघाटावर परीक्षा घेऊ नका. पहिले काही शे किलोमीटर गावातच, थांबत-निघत चालवा, म्हणजे फेसिंग आणि फ्लायव्हील एकमेकांना सर्वत्र टेकतील. या काळात चढणीवर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणे आणि ओढून नेणे दोन्ही टाळा. तुमच्या मिस्त्रींचे ‘प्लेट बसली नाही’ हे वाक्य एरवी चुकीचे नसते. फक्त न बसलेली प्लेट सकाळी पकडून दुपारी सोडत नाही.

माळवी_जीप (इंदूर)

त्याप्रमाणे केले. राजवाडा, सियागंज, पलासिया असा गावातला रोजचा रतीब बराच काळ घालून झाल्यावर, घरच्या मंडळींना व सामान घेऊन भर दुपारी चोरलला जाऊन आलो. परतीच्या चढणीवर तिसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर तळाला ठेवला, तरी फेऱ्या आणि वेग एकमेकांना सोडून गेले नाहीत. वर पोहोचल्यावर निपल उघडून पाहिले. फ्लुइड उडाले नाही, नुसते पाझरले. त्यानंतर आग्रा-मुंबई रस्त्याने खलघाटला जाऊन येतानाही मानपूरच्या चढावर पकड तशीच राहिली.

लष्कर_ग्वाल्हेर

अभिनंदन. आमच्याकडे एका मित्राच्या जीपमध्ये हेच काम काढायचे आहे. आपल्या पिव्होट स्टडची नेमकी लांबी कळवल्यास लेथवाल्याला तशीच द्यावी म्हणतो.

माळवी_जीप (इंदूर)

भाऊ, लांबी मुद्दाम देत नाही, कारण तुमच्या मित्राच्या ॲडॉप्टर प्लेटची जाडी आणि क्लच प्लेटची जाडी माझ्यापेक्षा वेगळी असणार, आणि माझ्या आकड्याने केलेला स्टड त्यांच्या गाडीत पुन्हा हाच घोळ करील. बॉक्स जोडण्याआधी फ्लायव्हीलवर क्लच पूर्ण घट्ट करून बसवावा, ॲडॉप्टर प्लेटच्या मागच्या तोंडापासून डायफ्रामच्या बोटांपर्यंतचे अंतर खोली मोजायच्या गेजने मोजावे. नंतर बॉक्सकडे त्याच जोडाच्या तोंडापासून, फोर्क पूर्ण मागे असताना, रिलीज बेअरिंगच्या तोंडापर्यंतचे अंतर मोजावे. या दोन मापांतून बेअरिंग बोटांपासून किती दूर राहते ते निघते, आणि स्टडची लांबी त्यावरून ठरवावी. स्टड आधी थोडा लांबच करून घ्यावा. लेथवर कमी करता येतो, वाढवता येत नाही. बसवून झाल्यावर स्लेव्हची दांडी किती मिलिमीटर आत जाते ते मोजून याच धाग्यावर लिहावे, म्हणजे काका आणि ताई पाहून सांगतील.